थोडं गवत असलं की पुरे

इंगोले सरांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात सराव करत होते आणि काही केल्या जमत नव्हतं. हातभर अंतरावरून चेंडू खळग्यात ढकलायचा, एवढंच काम. पण चेंडू काठापर्यंत जायचा आणि ओळख न दाखवता पुढे निघून जायचा. पंधरा वर्षं याच कामावर पोट भरणाऱ्या बाईला हे शोभणारं नव्हतं.

"मॅडम, तुम्ही आमच्या मातीतल्या," सर म्हणाले. "आपला जिल्हा होणार आहे. जिल्हा म्हणलं की कोर्ट पाहिजे, दवाखाना पाहिजे, खेळाडू पाहिजे. खेळाडू आमच्याकडं तुम्ही एकट्याच. सत्कार करू. तुमचा खेळ लोकांना दाखवा. तयारी काय करायची तेवढं सांगा."

"तयारी काही नको हो सर. थोडं गवत असलं की पुरे."

जेवायला बसलेला पाहुणा 'थोडंच वाढा' म्हणतो ना, त्या चालीवर मी हे बोलले आणि फोन ठेवून पुन्हा चेंडूच्या मागे लागले. मराठवाड्यात सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. बातम्यांमध्ये रोज तडे गेलेली तळी दाखवत होते आणि मीही ती बघत होते. तरी ते वाक्य माझ्या तोंडून गेलं.

गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. कारण पुढे कळेलच, आणि इंगोले सरांना कुणी बोल लावलेला मला आवडणार नाही. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर, जळकोट आणि नायगाव यांच्या मध्ये कुठेतरी ते आहे, इतकं पुरे. माझे वडील त्या गावचे. लष्कराच्या खात्यात वायरमन म्हणून पुण्याला आले आणि आम्हाला क्वार्टर मिळालं ते गोल्फच्या मैदानाला लागून. भिंतीपलीकडून आलेले चेंडू परत टाकता टाकता मी खेळाला लागले. दहावीनंतर पप्पांनी खेळ बंद करायचा ठरवलं, तेव्हा गावाहून आलेली वच्छलाआत्या मध्ये पडली. "पोरीची जात, पायाला वारा लागलाय तिच्या, खेळू दे," असं तिनं थोरल्या भावाला सुनावलं. मग एके दिवशी ती माझ्या मागे मागे सबंध मैदान चालली. चालून झाल्यावर कडुनिंबाखाली बसली आणि म्हणाली, "ह्या बाया चालतेत तर पान्याला गेल्यावानी, पर डोईवर घागर काई दिसंना." त्याच दिवशी तिनं गवतावर पाणी उडवणारी कारंजी पाहिली. उठेपर्यंत ती त्यांच्याकडेच बघत होती, हे मला आजही आठवतं.

तर अशी मी. मोठी स्पर्धा एकही जिंकलेली नाही. वर्षभर खेळता येईल इतपत वरचा नंबर ठेवायचा, घसरला की पुन्हा पात्रता फेरी खेळायची. त्या वर्षी घसरला होता. फेरी हैदराबादला होती, सत्कारानंतर आठवड्याभरात. वाटेत लातूर, मग आत्याचं गाव, मग हैदराबाद असा बेत केला. बेत सोपा होता, पण मला दोन काळज्या होत्या. एक माझ्या हातांची. दुसरी अशी, की तिकडे गेल्यावर कुणीतरी मला विचारणार, बाई, तुमच्या त्या मैदानाला पाणी किती लागतं?

लातूर

त्या उन्हाळ्यात लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं येत होतं. मीही रेल्वेनंच आले, तेव्हा स्टेशनवर उतरताना उगीच ओशाळल्यासारखं झालं. डब्यात माझ्याऐवजी पाणी बसलं असतं तर लोकांना जास्त आनंद झाला असता.

लॉजच्या मालकांनी चावी देताना माझ्या उंच बॅगेकडे निरखून पाहिलं. "बोअरचे पाइप हायेत का?"

"नाही, गोल्फच्या स्टिक आहेत. खेळायच्या."

"असं का." त्यांची निराशा लपली नाही. "बादली एकच मिळंल बगा. त्यातच समदं भागवायचं. मागू नका, मला न्हाई म्हनायला वाईट वाटतं."

इतक्या सभ्यपणे मला कुणी पाणी नाकारलं नव्हतं. एक बादली म्हणजे किती हे पुण्यात कधी बघितलेलं नसतं. तोंड, दात, अंग, कपडे असं मनात वाटे करत बसले आणि शेवटी ओल्या टॉवेलानं अंग पुसून उरलेली अर्धी बादली झाकून ठेवली. सकाळी निघताना वाटलं, ही आता कोण वापरणार? तेवढ्यात झाडणाऱ्या बाई आल्या, झाकण उचलून पाहिलं आणि एकदम हसल्या. "राहू दिलं का माय? लई चांगलं केलं." माझ्या खेळात मला इतकी सहज शाबासकी क्वचितच मिळते.

नाश्त्याला सुशीला खाल्ला. चुरमुरे भिजवून पोह्यांसारखी फोडणी देतात, वर दाण्याचं कूट आणि कोथिंबीर. त्या दिवशी कोथिंबीर नव्हती आणि चुरमुरे जेमतेम शिंपडलेले होते, त्यामुळे घास घशाखाली उतरायला वेळ लागत होता. टेबलावर पाण्याचा जग नव्हता. मागितलं की पोऱ्या भांडं वर धरून ओतायचा आणि आपण ओंजळीनं किंवा पेल्यातून, पण पुरतं संपवायचं. पुण्यात हॉटेलात उठताना आपण अर्धा पेला तसाच सोडतो. इथे माझ्या शेजारच्या गृहस्थांनी रिकामा पेला उलटा करून दाखवला आणि मगच उठले. मीही उलटा केला.

उदगीर, जळकोट

एस.टी.त माझ्या बॅगेनं एक सीट अडवली होती, म्हणून कंडक्टरनं तिचंही तिकीट फाडलं. उदगीर सोडल्यावर आजूबाजूला कानडी हेल, मधूनच एखादा तेलुगू शब्द. बाहेर काळी रानं उघडी पडलेली. भेगा एवढ्या, की बसमधूनही दिसत होत्या. जळकोटकडे बस डोंगर चढायला लागली तसा पळस दिसला, एकटाच लाल, बाकी सगळं मातकट. फुलून आलेलं काहीतरी बघून बरं वाटायला हवं होतं, मला मात्र ते झाड जरा आगाऊच वाटलं.

पुढच्या सीटवर एक म्हातारबाबा होते. बराच वेळ बॅगेकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत होते. शेवटी वळून हळूच म्हणाले, "ताई, पानी दावता का तुमी?"

मला कळेना. मग शेजारच्या बाईंनी समजावलं. या भागात रानात पाणी कुठे लागेल ते सांगणारे लोक फिरतात. कुणी नारळ घेऊन चालतो, कुणी कडुनिंबाची काडी, तर कुणी यंत्र. माझ्या बॅगेतून बाहेर डोकावणारी लोखंडी टोकं बघून बाबांनी ठरवलं होतं, की शहरातून मोठी जाणकार बाई आली आहे.

"नाही हो बाबा. खेळाचं सामान आहे."

"वाटंतच हाय आमचं रान. पाच मिंट उतरा. लागलं तर लागलं."

मी पुन्हा नाही म्हणाले. त्यांनी मान हलवली, पण विश्वास बसल्यासारखी नाही. नाही म्हणणारे जाणकारच खरे असतात, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. मग शेजारच्या बाईंनी विचारलं, कसला खेळ? मी सांगितलं. टीव्हीवर पाहिलाय म्हणाल्या, हिरवंगार असतं. आणि मग तो प्रश्न आलाच. "त्याला पानी कुटलं घालतेत हो?"

उत्तर माझं पाठ होतं. "सांडपाणी असतं. शुद्ध करून घालतात."

"म्हंजी तुमचं सांडून उरलेलं पानीच एवढं हाय," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, नुसती नवलाई होती. मी खिडकीबाहेर बघायला लागले आणि गाव येईपर्यंत बघतच राहिले.

होऊ घातलेला जिल्हा

गावाला जिल्हा व्हायचं होतं आणि त्यासाठी गाव सरकारची वाट बघत थांबलं नव्हतं. एस.टी. स्टँडसमोर कमानीवर 'नियोजित जिल्हा' असं ठळक रंगवून झालं होतं. एका केशकर्तनालयाचं नाव 'जिल्हा सलून' होतं. चौकात कृती समितीचा मांडव होता आणि मांडवात साखळी उपोषणाला बसलेली चार माणसं कॅरम खेळत होती. दोन जिल्हे तोडून तिसरा करायचा, मग कचेऱ्या येतील, रस्ते येतील, आणि मुख्य म्हणजे पाण्याची योजना येईल, हे मला रिक्षावाल्यानं आत्याचं घर येईस्तोवर समजावून दिलं.

आत्या दारातच उभी होती. "जय भीम, माय. वाळलीस किती." पाठीवरून हात फिरवला आणि भरलेला तांब्या पुढे केला. "पाय धू."

"आत्या, राहू दे. पाणी कशाला."

"पाव्हन्याला कोरड्या पायानं घरात घेत नसतेत."

मी दोन थेंब पायांवर टाकल्यासारखं केलं. तिनं तांब्या माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतः वाकून माझे दोन्ही पाय पुरते धुतले. खाली ठेवलेल्या घमेल्यात ते पाणी जमलं, ते तिनं उचलून शेळीपुढे ठेवलं. शेळीनं वास घेतला आणि पिऊन टाकलं. शेळी गाभण नव्हती, दुभती होती, पण आचळं सुकलेली. बरगड्या मोजता आल्या असत्या.

आत निळ्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली ड्रम, हंडे, कळशा, सगळ्यांची तोंडं फडक्यानं बांधलेली. मी एक हंडा बोटानं वाजवून पाहिला. रिकामा होता. दुसराही.

"टँकर येत नाही का?"

"येतो की." आत्या भाकरी थापत होती. "आताशा जरा अडून अडून येऊन राहिला. रस्ता खराब हाय म्हनतेत."

ज्या रस्त्यानं माझी रिक्षा आली तो चांगला होता. पण दमले होते, समोर ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची आमटी आणि लसणाचा ठेचा होता, मी जास्त विचार केला नाही. जेवण झाल्यावर ताटात हात धुवायचा, आणि ते पाणीही शेळीला. मला पुण्यातल्या माझ्या बेसिनची आठवण झाली आणि ती झटकावीशी वाटली.

हिरवळ

सकाळी इंगोले सर न्यायला आले. निवृत्त शिक्षक, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि उत्साह असा की त्यांना चालता चालता थांबून बोलावं लागायचं. शाळेमागच्या मैदानावर घेऊन गेले. भोवती हिरवं नेट बांधलं होतं. सरांनी नेट बाजूला केलं आणि स्वतः मागे सरले, लग्नात नवरी दाखवावी तसे.

आत गवत होतं. दोन खोल्या मावतील एवढा तुकडा, दाट, ओला, इतका हिरवा की डोळ्यांना टोचला. सगळीकडे भेगाळलेलं मैदान आणि मधोमध हे. मध्यभागी एक काठी, काठीला 'जिल्हा झालाच पाहिजे' असा झेंडा, आणि काठीच्या बुडाशी खळगा म्हणून जमिनीत पुरलेला पितळेचा तांब्या.

"हरळी आहे," सर म्हणाले. "आमच्या खानदानात पिढ्यान् पिढ्या ही उपटण्यातच गेल्या बघा. शेतात दिसली की माणूस शिव्या देतो. मी पहिल्यांदा लावली. इंटरनेटवर वाचलं, तुमच्या मैदानावर हीच असते म्हणून."

खरं होतं. माझं पोट ज्यावर चालतं ती हरळीच. मी खाली बसून तिच्यावर हात ठेवला. थंडगार होती. हाताला पाणी लागलं.

"सर, याला पाणी?"

"टँकर. महिनाभर दर दुसरी पाळी इकडं वळवली." ते खुशीत होते. "तुम्ही म्हणल्या होत्या ना, थोडं गवत असलं की पुरे. शब्द पाळला की नाही?"

"कुणाची पाळी?"

"तुमच्याच गल्लीची. वच्छलाबाईंच्या." माझा चेहरा बघून ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "घरचं कार्य असलं की झीज घरच्यांनीच सोसायची असते, मॅडम. दुसऱ्यांचं पाणी घेणं बरं दिसलं नसतं. लोकांनी तक्रारसुद्धा केली नाही. फार समजूतदार लोक."

या रिवाजात चूक काढणं अवघड होतं. आमच्याकडे लग्न असलं की भाऊबंद मांडव घालतात, वाढतात, स्वतः शेवटच्या पंगतीला बसतात. सरांच्या डोळ्यांपुढे तेच होतं, त्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं. तरी इतर कुठल्या आळीचं पाणी त्यांना इतक्या सहज वळवता आलं असतं का, हा विचार माझ्या मनात आला आणि तो जाईना. पण त्याच्याही आधी माझं स्वतःचं वाक्य उभं होतं. गवत मी मागितलं होतं.

"आता पाणी बंद करा सर. आजपासून."

"आज संध्याकाळी कार्यक्रम आहे. उन्हानं करपलं तर? सकाळचं तर घालून झालंय." मग जरा थांबून, "आवडलं नाही का तुम्हाला?"

मी त्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं. "छान आहे," मी म्हणाले.

विहिरीची वाट

दुपार चढायच्या आत आत्या पाण्याला निघाली. मीही घागर घेतली. शिवारात एका शेतकऱ्याची विहीर होती, तो या गल्लीला भरू देत होता. बरोबर शेजारची सुभद्राकाकू आणि आणखी तीन-चार बायका. वाट लांब, पायाखाली ढेकळं, ऊन डोक्यावर. मी वर्षातले बहुतेक दिवस उन्हात चालते, तो माझा धंदाच आहे, तरी माझाच श्वास आधी फुलला.

मनात एकच चाललं होतं. आत्याला सांगायचं. टँकर रस्त्यामुळे नाही, माझ्यामुळे येत नाही. तिला दुसऱ्याकडून कळण्याआधी सांगायचं. एक वाक्य होतं. ते मी विहिरीपर्यंत तोंडात घोळवत नेलं आणि विहीर आल्यावर गिळलं. विहिरीत तळाशी पाणी चमकत होतं. दोर टाकायचा, घागर बुडायची वाट बघायची, वर येईपर्यंत त्यातलं निम्मं गढूळ.

"संध्याकाळी आमी समद्या येनार हाव तुजा खेळ बगायला," सुभद्राकाकू म्हणाली. "आता उद्यापासून टँकर बी..."

आत्यानं तिच्याकडे पाहिलं. काकूनं दोर ओढायला घेतला. मला वाटलं, टँकरच्या रांगेवरून दोघींची जुनी कुरबुर असेल.

परत येताना माझी घागर डोक्यावर राहीना. हातानं धरली तरी दर पावलाला पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं. लोक हजारोंनी बघत असताना मी लांबच्या लांब फटका मारते. इथे एक घागर सांभाळता येत नव्हती. घरी पोचले तेव्हा पाऊण घागर उरली होती आणि माझा कुर्ता भिजून गार झाला होता. आत्यानं घागर ड्रममध्ये रिकामी केली, कुर्त्याकडे बघितलं, म्हणाली, "बरं झालं, अंघूळ झाली तुजी." बायका हसल्या. माझ्यानं हसवलं नाही.

खेळ

संध्याकाळी मैदान भरलं. खुर्च्यांवर समितीची माणसं, मागे पोरंटोरं, एका अंगाला आत्याच्या गल्लीतल्या बायका. सगळ्याजणींनी ठेवणीतली लुगडी नेसली होती. हातात घागर कुणाच्याच नव्हती, त्यामुळे त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. सुभद्राकाकू नेटजवळ गेली, वाकून हरळीवर तळवा टेकवला आणि तो ओला तळवा तोंडावरून फिरवला. मग पटकन जागेवर येऊन उभी राहिली.

सरांनी भाषणात मला गावाची लेक म्हटलं, जिल्ह्याची शान म्हटलं, देशाची तर म्हटलंच. मी माइक हातात घेतला तेव्हा वाक्य तयार होतं. हे पाणी चुकीच्या ठिकाणी पडलंय, असं. समोर आत्या होती. तिचं तोंड असं काही उजळलं होतं, की ते वाक्य मी बोलले असते तर ते तिच्यावरच पडलं असतं. मी आभार मानले आणि खाली उतरले.

गवतावर जायची टाळाटाळ म्हणून आधी काळ्या मातीवरून खेळून दाखवते म्हणाले. आमच्या खेळात चेंडू जिथे पडला तिथूनच मारायचा, जागा चांगली की वाईट हा आपला प्रश्न नाही, असंही समजावलं. पहिला फटका शाळेच्या पलीकडे गेला. लोक खूष झाले. दुसरा मुद्दाम जवळ मारला, तो दोन उड्या मारून एका भेगेत गेला. एका गड्यानं भेगेत कोपरापर्यंत हात घातला, मग खांद्यापर्यंत. "न्हाई लागत," तो म्हणाला. "खाली पानी बी न्हाई लागत, चेंडू काय लागंल." मैदानभर हशा पिकला. समितीची माणसंसुद्धा हसली, सर सोडून.

"आता गवतावर, मॅडम. त्याच्यासाठीच तर केलं."

आमच्या बुटांना खिळे असतात. ते मी काढले आणि अनवाणी हरळीवर पाय ठेवला. पायाखाली किती घागरी होत्या कुणास ठाऊक. चेंडू तांब्यापासून चार पावलांवर ठेवला. हे अंतर मी झोपेतही काढावं. पण हा चुकला तर ते सगळं पाणी कशासाठी गेलं, असं मनात आलं आणि हातात पुण्यातलं तेच जुनं आलं. चेंडू तांब्याच्या काठाला लागून पुढे गेला.

आत्याचा आवाज आला. "पुना टाक की."

माझ्या खेळात 'पुन्हा' नसतं. एकदा मारला की मारला. पण ते इथे कुणाला सांगणार? सगळे म्हणायला लागले, हाव, पुना टाका, पुना टाका. दुसरा डावीकडून गेला. तिसरा सरळ गेला आणि तांब्यात टण् वाजला. टाळ्या अशा पडल्या जणू आधीचे दोन घडलेच नव्हते. मी आत्याकडे पाहिलं. ती पदर डोळ्यांना लावत होती.

विळा

लोक पांगले, खुर्च्या उचलायला लागले. अजून उजेड होता. मी आत्याला नेटच्या मागे नेलं आणि सांगून टाकलं. टँकर रस्त्यामुळे नाही आला. तो इथे ओतला. माझ्यासाठी.

"हाव," ती म्हणाली. "ठाव हाय."

"कधीपासून?"

"सुरवातीपासून. सर इचारायला आले व्हते घरी. म्हनले, तुमच्या भाचीनं गवत मागितलंय." ती माझ्या कुर्त्यावरची माती झटकत होती. "मी गल्लीतल्या समद्याला सांगितलं, लेकरानं येवढ्या वर्सात कदी गावाला काई मागितलं न्हाई. पयल्यांदा मागितलं. न्हाई कसं म्हनावं? तुज्या खेळाला पानी लागतंच, मी बगितलंय की पुन्याला. कारंजी."

"आणि त्या सगळ्या कबूल झाल्या?"

"सुभद्रा भांडली दोन दिस. मंग तीच म्हनली, पोरीला सांगू नगा, तिचा हात बिघडंल."

माझा हात बिघडू नये म्हणून त्या बायका महिनाभर त्या विहिरीला जात होत्या. मी मागितलं नव्हतं गं, सहज बोलले होते, असं सांगावंसं वाटलं. पण तेही आता कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यांनी दिलं होतं ते मागितलं म्हणूनच. सहज बोलले म्हटलं असतं तर त्यांचं देणंही फुकट गेलं असतं. मी तशीच उभी राहून रडले.

आत्यानं मला मनसोक्त रडू दिलं नाही. "झाला न्हवं खेळ तुजा? आजून खेळायचं हाय का ह्याच्यावर?"

"नाही."

"मंग सरक."

तिनं कमरेचा विळा काढला. तो तिथे आधीपासून होता, ठेवणीतल्या लुगड्याच्या ओच्यात, हे बघून मी रडता रडता थांबले. ती हरळीवर बसली आणि कापायला लागली. सुभद्राकाकू आली, तिच्याकडेही विळा निघाला. मग बाकीच्याही. बहुतेक जणी खेळ बघायला विळे घेऊनच आल्या होत्या.

इंगोले सर धावत आले. "अहो वच्छलाबाई, हे काय? हे ठेवायचं आहे. उद्या मोठे साहेब आले जिल्हा बघायला तर..."

"सर," आत्यानं मान वर केली नाही. "पानी आमचं. गवत आमचं."

सर तसेच उभे राहिले. गल्लीतल्या सगळ्या वाकलेल्या पाठी त्यांनी बघितल्या. मग ते मधोमध गेले, झेंड्याची काठी उपटली, जमिनीतून तांब्या खणून काढला आणि रुमालानं पुसायला लागले. तांब्या त्यांच्या घरचा होता. "टँकर उद्यापासून तुमच्याकडं," ते हळू आवाजात म्हणाले, कुणाकडेही न बघता. "मी स्वतः घेऊन येतो."

मीही कापायला बसले. विळा कसा धरायचा ते काकूनं दाखवलं. आमच्याकडे हे गवत अगदी आखूड, नखाएवढं ठेवायला यंत्रं असतात, आणि कापलेलं पोत्यात भरून फेकून देतात. हे मी कुणाला सांगितलं नाही. अंधार पडायच्या आत तुकडा बोडका झाला. प्रत्येकीच्या पदरात भारा होता, माझ्याही.

निरोप, आणि हैदराबाद

रात्री शेळीनं किती खाल्लं कोण जाणे. सकाळी आत्यानं धार काढली तेव्हा भांड्याचा तळ झाकला गेला, बऱ्याच दिवसांनी, ती म्हणाली. त्या दुधाचा चहा केला आणि एकच कप भरून माझ्यापुढे ठेवला. आपल्या कपात मात्र तिनं कोरा ओतला. मी कप पुढे सरकवला, तिनं परत सरकवला. मग मी प्यायले, शेवटचा थेंबसुद्धा, आणि लातूरच्या त्या गृहस्थांसारखा कप उलटा करून दाखवला. तेवढ्यात कोपऱ्यावर भोंगा वाजला. टँकर होता आणि पुढे ड्रायव्हरशेजारी इंगोले सर बसले होते. आत्या निरोपाचं विसरून घागरी घेऊन धावली. मला बॅग उचलून एकटीलाच स्टँडवर जावं लागलं आणि त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

नायगावहून बिलोलीमार्गे सीमा ओलांडली आणि हैदराबादला पोचले. फेरीचं काय झालं ते वर्तमानपत्रात एका ओळीत आलं: शेवटून दुसरी, पण आत. आदल्या संध्याकाळी मात्र मी मैदानाच्या कडेला उभी होते. तलावाकाठचं मैदान, नजर पोचेल तिथवर हिरवं, आणि कारंजी फिरत होती. हातांची काळजी अजून तशीच होती. तेव्हा आत्याचा फोन आला.

"पोचलीस का? तिथलं गवत कसं हाय?"

"लई हाय, आत्या."

"कोन खातं?"

मी इकडे तिकडे पाहिलं. "कुणीच नाही."

पलीकडून शेळी ओरडलेली ऐकू आली.

"मंग नीट खेळ, माय," ती म्हणाली.